अकरा महिने तू प्याला घेतला नाहीस

बाई,

तुझ्या अंत्यविधीला तुझा परिचय मीच वाचला. चर्चच्या मंडळीचा सचिव म्हणून ते काम माझ्याकडेच येतं. जन्म कुठला, लग्न कधी, किती वर्षं रविवार शाळेत शिकवलं, मागे कोण आहे. दीड पानात तू संपलीस. वाचताना माझा आवाज एकदाही कापला नाही, आणि लोक नंतर म्हणाले, भास्करनं स्वतःला किती सांभाळलं. सांभाळलं कसलं. त्या कागदावर जे लिहिलं होतं ते सगळं खरं होतं, म्हणून मला ते वाचता आलं. जे लिहिलं नव्हतं ते आज लिहितो.

आपल्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तू रविवार शाळेत शिकवायला लागलीस आणि सगळी मंडळीच तुला बाई म्हणू लागली. मला लहानपणी त्याचा राग यायचा. माझी बाई ती, इतरांनी का म्हणावं? आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, तू सतरा. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये शिफ्टला. रोज जेवणाआधी तू मला प्रार्थना करायला लावायचीस, आणि मी पाळकसाहेबांसारखे मोठमोठे शब्द काढायचो. "हे परात्पर, हे सर्वसमर्थ." तू डोळे मिटूनच मला चिमटा काढायचीस.

"कायले एवढे भारी शब्द लावून राहिला? मले भाकर मागतो तेव्हा असाच बोलते का तू?"

"नाही."

"मग त्याच्याशी कावून?"

देवाशी कसं बोलायचं हे मी कुठल्या प्रवचनात शिकलो नाही. त्या चिमट्यानं शिकलो.

तुझं आणखी एक काम मंडळीतल्या नव्या लोकांना माहीतही नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचं प्रभुभोजन होतं, आणि त्या छोट्या प्याल्यांतला द्राक्षरस तू घरी करायचीस. रस कसला, मनुका. शुक्रवारी भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. भाऊजी होते तेव्हा प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये, नंतर कुरुदच्या घरात. मनुका आणायला तू पावर हाउसच्या बाजारात मला सोबत न्यायचीस. तिथला दुकानदार तुला ओळखायचा.

"मौसी, चर्च के लिए है ना? लो, एक मुट्ठी भगवान के नाम की."

"भगवान के नाम की है तो पहले तौल पूरा कर," तू म्हणायचीस. मग एक मनुका तोंडात टाकून बी निघते का पाहायचीस. तो हसायचा आणि तरी वर एक मूठ टाकायचाच.

मराठी उपासनेबद्दल मला लिहायलाच हवं.

दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी आठला मराठी, आणि दर रविवारी दहाला हिंदी, हे आपण लहान असल्यापासून चालत आलं होतं. बाबांच्या पिढीत मराठीला बाक पुरत नसत. नागपूर, वर्धा, अमरावतीकडून प्लांटमध्ये आलेली घरं. गेल्या वर्षापर्यंत नऊ जण उरले होते. आमच्या मुलांना मराठी घरात चालते, घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. नवे पाळकसाहेब महासमुंदकडचे, मराठी वाचू शकत नाहीत. कमिटीत विषय आला की आठची उपासना बंद करून सगळ्यांनी दहाला यावं.

सभेच्या आधी तू माझ्या घरी कोहक्याला आली होतीस. माझ्या बायकोनं, वंदनानं, चहा दिला. तू म्हणालीस, "तू तिथं बोलजो. म्हणजो, दोन-तीन वर्षं राहू द्या. मग आम्ही नऊच्या नऊ वर गेलो की लावा कुलूप." आपण तिघंही हसलो. मी म्हटलं, बोलतो.

बोललो नाही, बाई. आधी एक बोलला, मग दुसरा, आणि प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं पटण्यासारखंच होतं. मला वाटलं, माझी बहीण आहे म्हणून मी बोलतो असं म्हणतील. मी सचिव, खाली मान घालून लिहीत राहिलो. शेवटी कार्यवृत्तात लिहिलं, सर्वानुमते. तो शब्द माझ्या हातचा आहे.

नोटीस लागली त्या रविवारी तू मला सायकल स्टँडजवळ गाठलंस. दहा-बारा लोक उभे होते.

"सर्वानुमते म्हणजे तुह्याही मतानं ना, भास्कर?"

"बाई, घरी बोलू."

"घरी कायले? नोटीस घरी लावली का तू?"

लोक पाहत होते. मला सुटायचं होतं, म्हणून मी हसून म्हटलं, "देवाले हिंदी समजते, बाई." दोघं-तिघं हसले. तुझा चेहरा मी अजून पाहतो.

"त्याले समजते रे," तू म्हणालीस. "त्याले सगळंच समजते. मलेच येत नाही. हिंदीत मी भाजी घेते, बँकेत भांडते, लेकीच्या सासूशी गोड बोलते. पण रडाले बसली की मले हिंदी सापडत नाही."

आणि तू निघून गेलीस. आपलं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर अकरा महिने आपण एकाच गावात, एकाच छताखाली दर रविवारी बसत होतो आणि बोलत नव्हतो. अगदीच बोलत नव्हतो असंही नाही. डब्यांतून बोलत होतो. नाताळला तू तुझ्या लेकीच्या, स्मिताच्या, हाती करंज्यांचा डबा पाठवलास, सारण खोबऱ्याचं, मला आवडतं तसं. मी मुलाच्या हाती केक पाठवला. डबा रिकामा परत करायचा नसतो ना. वंदना म्हणाली, "तुम्ही सोता जा ना घेऊन." मी म्हटलं, बघू.

आता ते पहिले रविवार. भाकर आणि प्याला वाटण्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, कुणाच्या मनात कुणाबद्दल काही असेल तर आधी समेट करून या, मग मेजाजवळ या. आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्याल्यांचा ट्रे बाकांवरून फिरवायचं काम आम्हा चौघांकडे, आणि स्त्रियांच्या बाजूचा ट्रे माझ्याकडे. भांडणानंतरच्या पहिल्या महिन्यात मी तुझ्या बाकापाशी आलो. तू ट्रे हातात घेतलास, एकही प्याला न उचलता शेजारणीकडे दिलास आणि मान खाली घातलीस. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात मी माझी बाजू बदलून घेतली. मला गुडघ्याचा त्रास आहे, पुरुषांकडचे बाक कमी आहेत, असं सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

मी समजलो, तू मला शिक्षा करतेस. चारचौघांत दाखवतेस की या माणसाच्या हातचं मी घेणार नाही. मला राग आला होता, आणि तो राग घेऊन मी दर महिन्याला प्याला तोंडाला लावत होतो. पाळकसाहेबांचं ते वाक्य कानावर पडायचं तेव्हा मी मनात म्हणायचो, समेट तिनं करावा, थोरली ती आहे.

आणि त्या अकराही महिन्यांत तो रस तूच करून पाठवत होतीस. शनिवारी संध्याकाळी स्टीलची बरणी चर्चच्या कपाटात ठेवलेली असायची. स्वतः घेणार नाहीस तो रस तू आम्हा सगळ्यांसाठी गाळत होतीस. हे मला दिसत होतं, बाई. त्याचा अर्थ मी लावला नाही.

शेवटी तू आजारी पडलीस, आणि दवाखान्यात होतीस तेव्हा मी एकदाच आलो. तू झोपली होतीस. खरं सांगू? मला बरं वाटलं. पाच मिनिटं पायथ्याशी उभा राहिलो आणि तुला जागं न करता निघालो. बाहेर स्मिताला म्हटलं, झोपू दे तिला, मी पुन्हा येतो.

मग तो मंगळवार. दुपारी तीनला स्मिताचा फोन आला. "मामा, आई म्हणून राहिली, भास्करले बोलव. प्रार्थना कराले सांग. मराठीत." मी म्हटलं, मी प्लांटमध्ये आहे, मिलचा शटडाऊन आहे, दुरुस्तीसाठी मशीन खोललेली आहे, सुटता येत नाही. पाळकसाहेबांना पाठवतो.

पाळकसाहेब गेले. पाच वाजता तू गेलीस.

शटडाऊन दुपारी दीडलाच संपला होता, बाई. मी कॅन्टीनमध्ये बसलो होतो. समोर चहा होता. मला कुणीही अडवलं नसतं, सुपरवायझरला एक शब्द टाकला असता तर वीस मिनिटांत तुझ्या खाटेजवळ असतो. मी घाबरलो. तुझ्यासमोर डोळे मिटून पहिला शब्द कोणता काढू, हेच मला सुचेना. वाटलं, आज रात्री विचार करतो, उद्या सकाळी जातो. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जसा वागायचो तसाच वागलो. तू मला तेव्हाही ओळखायचीस.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना गाठलं. विचारलं, शेवटी काय झालं. ते साधे माणूस आहेत, उगाच गोड बोलत नाहीत.

"हमने हिंदी में प्रार्थना की. बहनजी सुनती रहीं. फिर खुद करने लगीं, मराठी में. हम हाथ पकड़के बैठे रहे."

"क्या बोलीं?"

"पूरा नहीं समझा. आपका नाम दो-तीन बार आया."

"मेरे बारे में क्या बोलीं, पादरी साहब?"

"सचिव साहब, वो हमसे थोड़े ही बोल रही थीं."

त्या उत्तरानं मला आधी काहीच मिळालं नाही असं वाटलं. घरी येताना स्कूटरवर लक्षात आलं की खूप मिळालं. शेवटच्या घटकेला, धाप लागलेली असताना, तू माझं नाव घेऊन ज्याच्यापाशी बोललीस तो काही विसरणारा नाही. तू काय बोललीस ते मला कळलं नाही. जिथं पोचायचं तिथं ते पोचलं आहे.

पुढे स्मितानं एक गोष्ट सांगितली. तू प्याला का घेत नव्हतीस, हे तिनं तुला एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "मी भास्करले चार लोकांत बोलली. त्याच्या मनात माह्याबद्दल राहून गेलं आहे. तो बोलत नाही तोवर मी कशी घेऊ?" म्हणजे अपराधी मी आणि मेजापासून दूर बसलेली तू. मी ट्रे फिरवत होतो.

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला आणि रस कोण करणार हा प्रश्न उभा राहिला. स्मितानं मला कुरुदला बोलावलं. तिनं मनुका भिजवून ठेवल्या होत्या, पण पुढे तिला येईना.

"मामा, आईनं कभी लिखके नहीं रखा. किती वेळ उकळायचं?"

"रंग येईपर्यंत."

"कौन सा रंग?"

मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघं पातेल्यात वाकून पाहत होतो. मी आयुष्यभर तुझ्यासोबत बाजारात गेलो आणि स्वयंपाकघरात एकदाही थांबलो नाही. तिथंच, गॅससमोर, मी म्हटलं, "स्मिता, त्या दिवशी शटडाऊन नव्हता."

"कोणत्या दिवशी?" आणि मग तिला कळलं. तिनं गॅस बंद केला. "मतलब?"

"संपला होता. मी कॅन्टीनमध्ये बसलो होतो. चहा पिऊन राहिलो होतो."

ती ओट्याला टेकून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई दरवाज्याकडे पाहून राहिली होती, मामा. मी तिला सांगितलं, मामा प्लांटमध्ये अडकले, मशीन खोललेली आहे. तर म्हणाली, मग राहू दे. त्याले म्हणा, घाई करू नको, मशीनमध्ये हात-बित जाईल."

मी तिथंच पाटावर बसलो.

"तुम्ही घरी जा, मामा," ती म्हणाली. "मी करते बाकीचं."

रविवारी मी पाळकसाहेबांना सांगितलं, आज ट्रे फिरवणार नाही, आणि घेणारही नाही.

"किसी से मन में कुछ है?"

"मेरे मन में नहीं. किसी के मन में मेरे लिए है. और वो ठीक ही है."

त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "तो बैठिए. मेज कहीं जा नहीं रही."

मी मागच्या बाकावर बसलो. ट्रे आला, मी शेजाऱ्याकडे दिला आणि मान आपोआप खाली गेली. ती मान खाली का जाते ते मला बावन्नाव्या वर्षी समजलं. त्यात राग नसतो. त्यात शिक्षाही नसते. माणूस वाट पाहत असतो. दार बंद झालेलं नाही, एवढ्याच भरवशावर तो तिथं बसलेला असतो, नाहीतर उठून घरी गेला नसता का? तू अकरा महिने उठून गेली नाहीस.

आणि तिथं बसून मला वाटलं, पुनरुत्थानाबद्दल मी आजवर अर्धंच समजून होतो. दफनाच्या वेळी आपण म्हणतो, पुन्हा भेट होईल. मला त्या भेटीची भीतीच वाटत होती. काय तोंडानं भेटू? पण मरणातून उठल्यावर प्रभू त्याच संध्याकाळी कुणाकडे गेला? जे त्याला एकटा टाकून पळाले होते, जे दारं लावून बसले होते, त्यांच्याकडे. तो स्वतः गेला. त्यानं जाब विचारला नाही, शांती असो म्हणाला. ज्याला सोडून पळालो तोच परत येतो आणि पहिला शब्द तोच काढतो. मला पहिला शब्द सुचत नव्हता म्हणून मी कॅन्टीनमध्ये बसून राहिलो होतो. तो मी शोधायचा नव्हताच.

यानं माझा दोष कमी होत नाही, बाई. तो मंगळवार तसाच राहणार. पण आता मी तो दडवून ठेवत नाही, आणि न दडवलेलं ओझं उचलायला दुसरा हात लागू शकतो, एवढं कळतं. तू जिवंत आहेस असं मी मानतो. बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही. कोहक्यात माझं घर आहे हे जसं मानतो तसं मानतो. तुझी क्षमा मला कुणी आणून दाखवणार नाही. पण ज्याच्या हाती तू आहेस त्याच्याच हाती मी आहे, आणि एकाच हातातली दोन माणसं किती दूर असतील?

उपासना सुटली. मी पायऱ्यांवर उभा होतो. स्मितानं स्कूटी काढली, माझ्यासमोर आणून उभी केली. तिचा चेहरा तसाच होता, ओट्याला टेकली होती तेव्हाचा.

"बसा मागे."

"कुठं?"

"आईकडे."

कबरस्तानात तुझी माती अजून बसलेली नाही. दगड अजून लावलेला नाही, लाकडी क्रूस आहे, त्यावर तुझं नाव रंगानं लिहिलंय. उन्हात आम्ही दोघं उभे राहिलो. शेजारच्या कबरीवर कुणाची तरी शेळी चरत होती, स्मितानं तिला हाकललं. मग डोक्यावर ओढणी घेतली आणि म्हणाली, "करा प्रार्थना. मराठीत करा."

मी डोळे मिटले. बराच वेळ काही आलं नाही. ती थांबली. मग मी सुरू केलं, आणि ते असं काही आलं की, बापा, माही बाई तुह्याजवळ आहे. तिनं बोलावलं तेव्हा मी गेलो नाही. मी खोटं बोललो, या पोरीशी बोललो. मी भेलो होतो. आता आलो आहे. एवढंच. एकही भारी शब्द नव्हता. मधेच मला रडू आलं तेव्हा मी थांबलो नाही, रडत रडत बोललो.

बाई, स्मिताचा राग गेलेला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, माझा हात धरला नाही, मामा म्हणून हाकही मारली नाही. पण माझं संपलं तेव्हा ती आमेन म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.